आरोग्याच्या डेटात काम सुरू करायचं, तर आधी नोंद वाचायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: सॉफ्टवेअरमध्ये चार वर्षं झाली, पायथन आणि एसक्यूएल येतं, मशीन लर्निंगचे दोन कोर्स केलेत. आता हेल्थ डेटा सायन्समध्ये यायचं आहे, पण वैद्यकीय शिक्षण नाही. पुन्हा पदवी घ्यावी लागेल का, कुठली मॉडेल्स शिकावीत, आणि पेशंटचा डेटा कोणी देत नसताना दाखवण्याजोगा प्रोजेक्ट कसा करायचा?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत त्यावर आधी बोलायला हवं, कारण या क्षेत्रात नव्याने येणारी हुशार माणसं बहुतेक तिथेच अडतात. टेबलातला आकडा तिथे आला कसा? कोणी लिहिला, किती वाजता, कशासाठी? सोळा वर्षं मी रुग्णालयांच्या नोंदींवर काम करते आहे. आजही नवा डेटा हातात आला की माझे पहिले काही आठवडे याच शोधात जातात.

हे मला एका चुकीतून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एक मॉडेल बनवलं होतं. वॉर्डातल्या पेशंटची तब्येत पुढच्या काही तासांत ढासळेल का, हे त्याने सांगायचं होतं. चाचणीत ते इतकं छान चाललं की आम्ही सगळे खूश होतो. सादरीकरणाच्या दिवशी आयसीयूतल्या एका ज्येष्ठ सिस्टरनी विचारलं, "हे ठरवतं कशावरून?" मी सर्वांत प्रभावी कॉलमांची यादी दाखवली. 'लॅक्टेटची तपासणी झाली आहे का' हा कॉलम त्यात वर होता. लॅक्टेट म्हणजे गंभीर आजारात रक्तात वाढणारा एक पदार्थ. त्या शांतपणे म्हणाल्या, "पेशंट बिघडतोय असं आम्हाला वाटतं तेव्हाच आम्ही लॅक्टेट पाठवतो." माझं मॉडेल त्यांच्याच नजरेवर चाललं होतं, आणि ती नजर उसनी घेऊन त्यांनाच परत देत होतं.

मग मी नोंदींच्या वेळा तपासायला घेतल्या आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली. बीपी, नाडी, तापमान आधी कागदावर टिपलं जायचं आणि शिफ्ट संपताना संगणकात चढवलं जायचं. काही वॉर्डांत मोजल्याची वेळ नोंदली जात होती, काहींत चढवल्याची. त्यामुळे दुपारी एकचं बीपी कुठे एकला दिसायचं, कुठे अडीचला. उलट काही ठिकाणी पेशंटला आयसीयूत हलवल्यानंतर भरलेली माहिती मागची वेळ घालून लिहिली होती. म्हणजे काही ओळींत मॉडेलला भविष्य दिसत होतं. कोडमध्ये एकही चूक नव्हती. कोड तपासून हे कधीच सापडलं नसतं.

पुढे २०१८ मध्ये डेनिस ॲग्नियल, आयझॅक कोहाने आणि ग्रिफिन वेबर यांचा एक अभ्यास 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो वाचताना मला सारखी त्या सिस्टरांची आठवण येत होती. त्यांनी २७२ नेहमीच्या तपासण्या घेतल्या आणि पाहिलं की तपासणीच्या निकालाने पेशंट जगण्याचा अंदाज जास्त चांगला येतो, की ती तपासणी केव्हा सांगितली गेली यावरून. बऱ्याच तपासण्यांत वेळच जास्त बोलकी निघाली. नीट विचार केला तर नवल वाटत नाही. रात्री तीन वाजता कोणी सहज म्हणून रक्त काढत नाही.

न्यूमोनियाचं उदाहरण या क्षेत्रात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं, तेही याच जातीचं. नव्वदच्या दशकातल्या एका प्रकल्पात न्यूमोनियाच्या कुठल्या पेशंटला मृत्यूचा धोका जास्त हे मॉडेलने शिकायचं होतं. मॉडेल शिकलं की दमा असलेल्यांना धोका कमी असतो! कारण दम्याच्या पेशंटला न्यूमोनिया झाला की त्याला लगेच आयसीयूत नेलं जायचं आणि कसून उपचार व्हायचे, म्हणून त्यांच्यात मृत्यू कमी दिसत होते. त्या मॉडेलच्या सांगण्यावरून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. रिच कारुआना यांनी २०१५ च्या शोधनिबंधात हे प्रकरण मांडलं. त्यांच्या म्हणण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: ही चूक दिसली ती वाचता येणाऱ्या नियमांच्या मॉडेलमुळे. न्यूरल नेटवर्कही बहुधा हेच शिकलं असणार, फक्त ते कोणाला दिसलं नसतं.

तेव्हा कुठली मॉडेल्स शिकावीत याचं माझं उत्तर असं: लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही प्रकारच्या घटनेची शक्यता काढणारी पद्धत) इतकं पक्कं करा की त्यातला प्रत्येक आकडा डॉक्टरला साध्या भाषेत समजावता येईल. त्यानंतर सर्व्हायव्हल ॲनालिसिस, म्हणजे एखादी घटना घडायला किती वेळ लागतो याचं विश्लेषण, शिका. मशीन लर्निंगच्या बहुतेक कोर्समध्ये ते नसतं आणि आमच्याकडे ते रोज लागतं. पाच वर्षं पेशंटांवर लक्ष ठेवायचं ठरवलं तरी काही जण मध्येच दुसऱ्या गावी जातात, काही यायचे बंद होतात, काहींची पाच वर्षं अजून भरलेलीच नसतात. त्यांना 'वाचले' म्हणता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. यासाठीची कपलान-मायर यांची पद्धत १९५८ ची आणि कॉक्सचं मॉडेल १९७२ चं. दोन्ही जुनी आहेत आणि आजही रोजच्या वापरात आहेत. त्यानंतर ग्रेडियंट बूस्टिंग, म्हणजे अनेक छोटे निर्णयवृक्ष जोडून बनवलेलं मॉडेल. टेबलातल्या डेटासाठी बहुतेक वेळा एवढं पुरतं. डीप लर्निंग एक्स-रे, ईसीजी आणि मोकळ्या मजकुरासाठी लागेल. त्या कामावर पडाल तेव्हा शिका.

मॉडेलपेक्षा जास्त वेळ सांख्यिकीच्या काही जुन्या सापळ्यांना द्या. पहिला सापळा टक्केवारीचा. समजा एखादी तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. ऐकायला उत्तम. आता १,००० माणसांत आजारी फक्त १० आहेत असं धरा. त्या दहातले ९ सापडतील, पण ९९० निरोगी माणसांतल्या ९९ जणांनाही ती आजारी ठरवेल. एकूण १०८ जणांना 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट मिळेल आणि त्यांतले खरे आजारी ९. म्हणजे शंभरात जेमतेम आठ. हे गणित कागदावर, कोडशिवाय, समोरच्या माणसाला दोन मिनिटांत करून दाखवता आलं पाहिजे. रुग्णालयातल्या प्रत्येक अलार्मचं भवितव्य या गणितावर ठरतं, कारण दहातले नऊ इशारे फुकट गेले की दमलेली सिस्टर दहावाही बंद करते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

दुसरा सापळा फसव्या काळाचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हृदयप्रत्यारोपणाच्या पहिल्या अभ्यासांत प्रत्यारोपण झालेले पेशंट न झालेल्यांपेक्षा जास्त जगल्याचं दिसत होतं. पण प्रत्यारोपण व्हायचं तर हृदय मिळेपर्यंत जिवंत राहावं लागतं. जे वाट पाहताना गेले ते आपोआप 'प्रत्यारोपण न झालेले' या गटात पडले. वाट पाहण्याचा तो काळ उपचाराच्या खात्यावर जमा झाला. मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं. इतक्या वर्षांनी आजही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या विश्लेषणांत हीच चूक सर्वांत जास्त वेळा सापडते. 'औषध घेणारे' आणि 'न घेणारे' असे गट अभ्यासाच्या शेवटी बसून पाडले की ही चूक होतेच.

तिसरा सापळा सर्वांत अवघड. उपचार कोणाला मिळतो हे नशिबावर ठरत नाही. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणावर आधारलेले मोठे अभ्यास अनेक वर्षं सांगत होते. मग अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही चाचणी झाली. तिच्या एका भागात १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं औषध किंवा तसंच दिसणारं बिनऔषधाचं देण्यात आलं. जुलै २००२ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग वाढताना दिसला आणि हृदयालाही फायद्याऐवजी अपायच दिसत होता. पुढे बरीच वर्षं हा फरक का पडला यावर काम झालं. हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळात अधिक सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हा त्याचा एक भाग. औषध कुठल्या वयात सुरू केलं आणि जुन्या अभ्यासांत मोजणी कुठून सुरू केली, हा दुसरा. हे सगळं प्रकरण शोधून मुळापासून वाचा. कार्यकारणभाव या विषयाची यापेक्षा चांगली शिकवणी मला माहीत नाही.

आता वैद्यकीय ज्ञानाकडे येऊ. शरीरशास्त्राचं पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. दोन महिन्यांत थकाल आणि कामाचं थोडंच हाती लागेल. एक आजार निवडा आणि त्याचा नोंदींतला माग काढा. मी नव्या माणसांना मधुमेह घ्यायला सांगते, कारण तो सोपा वाटतो.

पहिला प्रश्न: तुमच्या डेटात मधुमेही कोण? ही साधी यादी काढायला घ्या, म्हणजे दिवसभर डोकं धराल. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत टाइप १ साठी ई१०, टाइप २ साठी ई११ आणि गरोदरपणातल्या मधुमेहासाठी ओ२४ असे कोड आहेत. पण पाय मोडून भरती झालेल्या पेशंटच्या कागदांवर मधुमेहाचा कोड कोणी टाकेलच असं नाही. आणि बाह्यरुग्ण विभागात नुसती तपासणी करायची म्हणून टाकलेला कोडही तिथेच कायमचा राहतो. बरं, औषधावरून ओळखू म्हणाल, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा एक विकार) असलेल्या मुलींनाही दिलं जातं. मेटफॉर्मिन दिसलं की मधुमेही, असा नियम लावलात तर विशीतल्या कितीतरी मुली तुमच्या यादीत येतील. एकदा आमच्या यादीतलं सरासरी वय अपेक्षेपेक्षा खूपच कमी आलं होतं, तेव्हा कारण हेच निघालं होतं.

मग तपासणीवरून ओळखू म्हणाल. एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, हे निकष सर्वमान्य आहेत. इथे आधी एकक बघा. काही देशांत साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काहींत मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोन्हींत १८ पटींचा फरक असतो. १२६ म्हणजेच ७. दोन लॅबचा डेटा एका कॉलममध्ये ओतला गेला असेल तर ७ हा आकडा जीवघेण्या कमी साखरेचा आहे की मधुमेहाच्या उंबरठ्याचा, हे नुसत्या आकड्यावरून कळणार नाही. स्टेरॉइड चालू असलेल्या किंवा गंभीर आजारी पेशंटची साखर मधुमेह नसतानाही चढते, म्हणून भरती असतानाची साखर सांभाळून वापरायची. एचबीए१सीचंही तसंच. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ज्याला नुकतंच रक्त चढवलं आहे, किंवा ज्याच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्याच्यात ती सरासरी खोटी असते.

हे सगळं लक्षात घेऊन 'दोनदा नोंदवलेला कोड, किंवा एक कोड आणि एक औषध, किंवा दोन वेगळ्या दिवशी निकषापुढची तपासणी, आणि गरोदरपण वगळून' अशी काहीतरी व्याख्या तयार होते. मग शंभर केसपेपर काढून, डॉक्टरसोबत बसून, ही व्याख्या किती वेळा चुकते ते हाताने मोजायचं. आम्ही याला फिनोटायपिंग म्हणतो. आमच्या कामाचा मोठा हिस्सा हाच असतो. एका आजारात हे एकदा नीट केलंत की दुसऱ्या आजाराला निम्मा वेळ लागतो, कारण कुठले प्रश्न विचारायचे हे कळलेलं असतं.

आणखी एका गोष्टीवर नव्या माणसाने सुरुवातीपासून लक्ष ठेवावं: मॉडेलला आपण नेमकं काय शिकायला सांगतो आहोत? २०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमचा अभ्यास छापला. कुठल्या पेशंटला जास्त देखभालीची गरज आहे हे त्या अल्गोरिदमने सांगायचं होतं. ते शिकवताना 'गरज' या जागी 'पुढच्या वर्षीचा वैद्यकीय खर्च' वापरला होता. पण तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय पेशंटवर खर्च कमी होत होता, कारण त्यांना उपचारच कमी मिळत होते. साहजिकच अल्गोरिदमने त्यांना कमी गरजू ठरवलं. ही तफावत काढली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशोब होता. अल्गोरिदमने खर्चाचा अंदाज चोख दिला होता. ज्याने कोणी तो कॉलम निवडला, त्याने बहुधा वाईट हेतूने निवडला नसेल. तो कॉलम हाताशी होता, भरलेला होता, स्वच्छ होता. तुमच्या पहिल्याच नोकरीत असा स्वच्छ कॉलम तुमच्यासमोर येईल.

आणि एका ठिकाणी चाललेलं मॉडेल दुसरीकडे चालेलच असं नाही. न्यूमोनिया ओळखणाऱ्या एक्स-रे मॉडेल्सवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हे मॉडेल जवळजवळ अचूक ओळखतं, आणि ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचं प्रमाण जास्त तिथला फोटो दिसला की त्याचा कल न्यूमोनियाकडे झुकतो. २०२१ मध्ये शेकडो रुग्णालयांत बसवलेल्या एका सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या) इशारा-मॉडेलची मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्र तपासणी झाली. एयूसी, म्हणजे आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याची क्षमता (०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक), आलं ०.६३. सेप्सिस झालेल्यांपैकी फक्त एक तृतीयांश पेशंट त्याने पकडले, आणि इशारे मात्र भरती झालेल्या एकूण पेशंटांपैकी १८ टक्क्यांवर वाजले. तुमचं मॉडेल दुसऱ्या ठिकाणच्या किंवा निदान नंतरच्या काळातल्या डेटावर तपासल्याशिवाय त्याचं कौतुक करू नका, आणि दुसऱ्याचंही ऐकून घेऊ नका.

आता पदवीचं. तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या माणसाला सर्वांत जवळचं दार हेल्थ डेटा इंजिनिअरिंगचं आहे. वेगवेगळ्या यंत्रणांतून येणाऱ्या नोंदी एकत्र आणायच्या, त्या एफएचआयआर किंवा ओएमओपीसारख्या ठरलेल्या साच्यात बसवायच्या, लॅबच्या तपासण्यांना लॉइंकचे कोड लावायचे, रोगांना आयसीडी किंवा स्नोमेडचे. यासाठी नवी पदवी लागत नाही. ही कामं कमी प्रतीची आहेत असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नोंद कशी जन्मते हे या खुर्चीवरून जितकं दिसतं तितकं कुठूनच दिसत नाही. दोन वर्षं इथे काढून विश्लेषणाकडे वळलेली माणसं मला नेहमी भक्कम वाटली आहेत.

साथरोगशास्त्र किंवा जैवसांख्यिकीच्या जागांसाठी मात्र पदव्युत्तर पदवी बहुतेक ठिकाणी मागतात, आणि ते योग्यच आहे. अभ्यासाची रचना ठरवणं हे फावल्या वेळात शिकून येणारं कौशल्य नाही. औषधकंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायल्समध्ये जायचं असेल तर त्यांचं जग वेगळं आहे. तिथे चाचण्यांच्या डेटासाठी सीडिस्क या संस्थेचे ठरलेले नमुने, सॅस आणि आता वाढत्या प्रमाणात आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक टेबल दोन माणसांनी स्वतंत्रपणे काढून जुळवून पाहण्याची शिस्त असते. ती शिस्त कुठेही उपयोगी पडते. विमा कंपन्यांकडे बिलांचा डेटा असतो. त्यात कोणावर काय खर्च झाला हे नीट दिसतं, पण पेशंटचं बीपी किती होतं ते दिसत नाही. पदवी घ्यायचीच असेल तर माझा सल्ला असा: आधी वर्ष-दोन वर्षं या क्षेत्रात कुठल्याही छोट्या जागेवर काम करा, आणि मग ठरवा. 'डेटा सायंटिस्ट' अशी पाटी असलेल्या पण नोंदींपासून दूर असलेल्या जागेपेक्षा, रुग्णालयाच्या माहिती विभागातली साधी ॲनालिस्टची जागा पहिल्या दोन वर्षांत जास्त शिकवेल.

प्रोजेक्टसाठी डेटा हवा, तर तो आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टांत फिरणारा पिमा या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजाच्या स्त्रियांचा मधुमेहाचा डेटा तुम्ही नक्की पाहिला असेल. त्यात ७६८ ओळी आहेत. त्यांतल्या ३५ स्त्रियांचा रक्तदाब शून्य आहे आणि ३७४ जणींचं इन्सुलिन शून्य. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. तिथे मोजणी झालेली नाही आणि रिकाम्या जागी शून्य घातलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी अर्ज वाचते तेव्हा याच डेटावर ऐंशी टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळवलेले प्रोजेक्ट सारखे येतात, आणि त्या शून्यांबद्दल बहुतेकांनी एक ओळही लिहिलेली नसते. ज्याने लिहिलेली असते त्याला मी मुलाखतीला बोलावते.

खऱ्या नोंदींवर हात बसवायचा असेल तर मिमिक आहे. बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या आयसीयूच्या, ओळख काढून टाकलेल्या नोंदी एमआयटीच्या प्रयोगशाळेने फिजिओनेट या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. पैसे पडत नाहीत, पण मानवी सहभागाच्या संशोधनाचं प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. तो करार शब्दन् शब्द वाचा. डेटा तिसऱ्या कोणालाही द्यायचा नाही असं त्यात असतं, आणि एखाद्या ऑनलाइन चॅटबॉटमध्ये पेशंटची नोंद चिकटवणं म्हणजेही देणंच. मिमिकच्या तिसऱ्या आवृत्तीत काही पेशंटचं वय ३०० वर्षं निघतं. घाबरू नका. ८९ वर्षांवरच्या माणसांची ओळख पटू नये म्हणून त्यांच्या जन्मतारखा मुद्दाम मागे ढकलल्या आहेत. हे माहिती-पत्रकात लिहिलेलं आहे. ते न वाचता सरासरी वय काढणारे असतात, म्हणून सांगितलं. प्रशिक्षणाआधीच हात चालवायचा असेल तर सिंथिया हे साधन कृत्रिम पेशंट तयार करून देतं. त्यावर क्वेरी आणि साचे शिकता येतील, पण वैद्यकीय निष्कर्ष काढायचा नाही, कारण त्यात जे घातलंय तेच बाहेर येणार. अमेरिकेच्या नॅहेन्स या आरोग्य आणि पोषण सर्वेक्षणाचा डेटाही सर्वांना खुला आहे. त्यात प्रत्येक माणसाला वेगळं सांख्यिकी वजन, म्हणजे तो किती लोकांच्या वतीने मोजायचा तो आकडा, दिलेलं असतं. ते न लावता काढलेली टक्केवारी चुकीची ठरते.

प्रोजेक्ट एकच करा, पण टोकापर्यंत न्या. प्रश्न एका वाक्यात लिहा. कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, प्रत्येक पायरीवर किती माणसं गळाली, हे आकड्यांसह मांडा. रिकाम्या जागा का रिकाम्या असाव्यात यावर एक पान लिहा. एयूसीसोबत कॅलिब्रेशन दाखवा, म्हणजे मॉडेल २० टक्के धोका म्हणतं तेव्हा शंभरात खरंच विसाच्या आसपास घडतं का. आणि हे मॉडेल कुठे वापरू नये ते स्वतःच लिहा. असे तीन-चार महिने घातलेला एक प्रोजेक्ट, पंधरा अर्धवट प्रोजेक्टांपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

गुप्ततेबद्दल थोडंसंच, पण ते मनावर घ्या. नाव आणि पत्ता काढला म्हणजे ओळख गेली, असं होत नाही. लतान्या स्वीनी यांनी नव्वदच्या दशकात, विद्यार्थिनी असताना, नावं काढलेल्या रुग्णालयीन डेटाला मतदारयादी जोडून मॅसॅच्युसेट्सच्या तेव्हाच्या गव्हर्नरच्या नोंदी शोधून दाखवल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढं पुरलं. याच तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येतील, असा त्यांचा पुढचा अंदाज होता. म्हणून ईमेलमध्ये ओळींचा स्क्रीनशॉट टाकायचा नाही, स्वतःच्या लॅपटॉपवर डेटा 'तात्पुरता' उतरवायचा नाही, आणि दोन-तीन माणसांचे गट अहवालात छापायचे नाहीत. प्रत्येक ओळीत एक माणूस आहे. आयसीयूच्या नोंदींत मोकळ्या मजकुराचा कॉलम असतो. कधी त्यात 'मुलगी भेटून गेली' एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यानंतर ओळी नसतात. मी अशा नोंदी वाचून उठते आणि थोडं फिरून येते. त्याची सवय होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांशी आणि सिस्टरांशी बोलायला शिकणं हेही कामच आहे. त्यांना अचूकतेचे आकडे दाखवण्याआधी विचारा: हा अंदाज तुमच्यासमोर आला तर तुम्ही काय वेगळं कराल? उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर ते मॉडेल बनवू नका, आणि तसं लवकर सांगितल्याबद्दल त्यांचे आभार माना. शक्य असेल तिथे परवानगी घेऊन एक दिवस वॉर्डात किंवा लॅबमध्ये बसा. नमुन्यावर बारकोड कधी लागतो, रक्त फुटलेलं असेल तर लॅब काय लिहिते, 'नमुना अपुरा' हा शेरा कुठल्या कॉलममध्ये जातो, हे पाहिलेलं आयुष्यभर पुरतं. पोटॅशियम अचानक ६.८ इतकं जास्त दिसलं की मग तुम्ही आधी विचाराल, नमुना चांगला होता ना? फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा उगाच चढतो.

वॉर्डात बसायला मिळेपर्यंत वेळ लागेल. तोवर एक गोष्ट या आठवड्यातच करता येईल. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाची जुनी फाइल त्यांना विचारून घ्या. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं. आणि त्यातून हाताने एक टेबल तयार करा: तारीख, तपासणी, आकडा, एकक, त्या लॅबची सामान्य मर्यादा, चालू असलेलं औषध. दोन लॅबच्या मर्यादा वेगळ्या निघतील. डिस्चार्ज कार्डवरचं निदान आणि चालू औषधं एकमेकांशी जुळणार नाहीत. एकाच तपासणीला तीन तारखा दिसतील: रक्त काढल्याची, लॅबमध्ये पोहोचल्याची आणि रिपोर्ट छापल्याची. तुमच्या टेबलात कुठली तारीख घालायची ते ठरवा, का घातली ते शेजारी लिहा, आणि मग ज्यांची फाइल आहे त्यांना ते टेबल वाचून दाखवा. काय राहून गेलं ते तेच सांगतील.